हर्षालीने चाल चोरली नव्हती

हे लिहायचं मी नऊ वर्षं टाळलं. सुरुवातीला भीतीने टाळलं, पुढे टाळायची सवयच लागली. कोणी हर्षालीचं नाव काढलं की मी पाणी प्यायला उठायचो. माझी बायको जाण्याआधी एकदा म्हणाली होती, "तुम्हाला एवढी तहान कशी लागते हो?" तिलाही मी सांगितलं नाही. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, आणि ज्यांच्यापासून लपवायचं अशी माणसंही फार उरली नाहीत. एकच उरलं आहे. त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

यंदा पंधरा मेच्या सुमारास बदलापूर स्टेशनबाहेर जांभळं आली. बारवी धरणाकडच्या पाड्यांवरच्या बाया टोपल्यांत पानं अंथरून बसल्या होत्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "घे बाबा, आमच्या झाडाची हायत, गाडीतली नाय." मी एक द्रोण घेतला, मीठ लावून तिथेच उभ्याने खाल्ला आणि घरी येऊन आरशासमोर जीभ काढली. जांभळी झाली होती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

जांभूळ घसा धरतं. खाल्ल्यावर थोडा वेळ आवाज जाड होतो, वरचा सूर नीट लागत नाही. म्हणून तीन उन्हाळे मी एका मुलीला जांभूळ खाऊ दिलं नव्हतं. ती राहायची बदलापूरच्या खरवईला, जिथे तेव्हा घरामागे जांभळाची झाडं होती. शिकायला यायची माझ्याकडे उल्हासनगरला.

"जीभ दाखव," मी म्हणायचो.

"सर, एकच खाल्लं."

"दाखव."

जीभ बाहेर यायची, गर्द जांभळी.

"हे एक?"

"एक म्हणजे एक द्रोण, सर."

हर्षाली तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिचा आवाज बारीक नव्हता. भरलेला होता, कडेला थोडा खरखरीत. शास्त्रोक्त गाणं शिकवणाऱ्या दोघांनी तिला परत पाठवलं होतं. मी ठेवून घेतलं, कारण मी शास्त्रोक्त गाणं शिकवणारा नव्हतोच. माझी हयात ऑर्केस्ट्रात पेटी आणि नंतर कीबोर्ड वाजवण्यात आणि उल्हासनगरातल्या कॅसेटवाल्यांना चाली बांधून देण्यात गेली. तिथल्या कॅम्प भागात एका कॅसेटच्या दुकानामागे माझी खोली होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, अंडी ठेवायचे ट्रे चिकटवलेले. याला आम्ही स्टुडिओ म्हणायचो. शेजारी जीन्स शिवायचा कारखाना होता. त्याच्या मशिनी चालू असल्या की रेकॉर्डिंगमध्ये एक घरघर यायची, म्हणून आमचं गाणं कारागिरांच्या जेवणाच्या सुट्टीत व्हायचं. दुपारी दीड वाजता मशिनी थांबल्या की मी पंखाही बंद करायचो. पाऊण तास मिळायचा. मे महिन्यात त्या बंद खोलीत गाद्यांचा, घामाचा आणि निळीच्या पाण्याचा वास कोंडलेला असायचा आणि ती पोर कानाला हेडफोन लावून अशी गायची की जणू समोर हजार माणसं बसली आहेत.

पुढे खरंच बसली. तिच्या कॉलेजातल्या कोणा मैत्रिणीने इंटरनेटवर परदेशातल्या तरुण गायकांच्या स्पर्धा शोधल्या. ट्रॅक आणि व्हिडिओ पाठवायचा, निवड झाली की जायचं. पहिल्या वर्षी समुद्राकाठच्या एका गावी तिला तिसरा क्रमांक मिळाला. दुसऱ्या वर्षी बर्फाच्या डोंगरांखालच्या एका शहरात प्रेक्षकांनी तिला सगळ्यांत जास्त मतं दिली. दोन्ही गाणी मराठीत होती, मधे चार ओळी इंग्रजी. आईच्या लग्नातल्या शालूचे काठ काढून उल्हासनगरच्या शिंप्याने तिला जाकीट शिवलं होतं. तिकडून तिचा व्हिडिओ कॉल यायचा. "सर, कानात तुमचा ट्रॅक वाजतोय आणि बाहेर सगळे वेगळ्याच भाषेत ओरडतायत. पण तुमच्या ट्रॅकमध्ये एका जागी शेजारची मशीन ऐकू येते हां. मला त्या आवाजाने एकदम बरं वाटलं."

त्या दोन्ही चाली माझ्याच होत्या. तरुणपणी बांधलेल्या, कोणी न घेतलेल्या. तिसऱ्या वर्षी माझ्याजवळ तशी एकही शिल्लक नव्हती.

इथे मला थोडं आमच्या धंद्याविषयी सांगायला हवं. ते सबब म्हणून वाचू नये. आमच्याकडे एका चालीवर दुसरे बोल बसवणं यात कोणालाच काही वाटत नसे. भजनी मंडळं सिनेमातल्या चालींवर अभंग म्हणतात आणि देव ते ऐकून घेतो. कॅसेटच्या दिवसांत तर तीच आमची कामाची रीत होती. मी एक चाल बांधली होती, सिंधी लग्नातल्या बायकांच्या गाण्यांच्या कॅसेटसाठी. त्यांच्यात या गाण्यांना लाडा म्हणतात. ती कॅसेट घरोघर गेली. मग ती कॅसेट काढणारे, माझ्या खोलीपुढच्या दुकानाचे मालक लछूसेठ म्हणाले, "मास्टरजी, धुन तो हीरा है. बोल बदल दो, मराठी हळदी में डाल दो. दुल्हन वही, साडी दूसरी, साईं." मी डाललं. दोन वर्षांनी तीच चाल गणपतीच्या कॅसेटमध्ये गेली. मी प्रत्येक वेळी सही करून चाल देऊन टाकली होती. देऊन टाकलेली वस्तू पुन्हा देताना हात थरथरायला हवा, तो कधी थरथरला नाही.

हर्षालीच्या तिसऱ्या उन्हाळ्यात मला नवीन काही सुचत नव्हतं. खरं सांगायचं तर चार-पाच वर्षं काहीच सुचलं नव्हतं. पेटीवर बोट ठेवलं की जुनंच यायचं. हे मी कोणाला बोललो नाही. एव्हाना अंबरनाथ पूर्वेला माझे क्लास भरून वाहत होते. रिक्षावालेही "परदेशात पोरगी पाठवणारे सर" म्हणून ओळखायला लागले होते. त्या माणसाला चाल सुचत नाही, हे सांगायचं कसं? मी तीच चाल काढली. लय संथ केली, मधे गिटार घातली, सुरुवातीला बासरीऐवजी नुसता श्वास ठेवला. ती ऐकताना हर्षालीचे डोळे भरले. "सर, ही आत्तापर्यंतची बेस्ट आहे," ती म्हणाली. दुसऱ्या कडव्यात तिने स्वतःच्या मनाने एक वरची जागा घेतली. इतकी सुंदर, की माझी चाल तिच्यामुळे पहिल्यांदा पुरी झाल्यासारखी वाटली.

तिसरी स्पर्धा मोठी होती. फॉर्म भरायला ती माझ्या खोलीत बसली होती. मोबाइलवर वाचून दाखवत होती.

"सर, गाणं आधी कुठेही आलेलं नको, असं लिहिलंय. आलेलं नाहीये ना?"

मी वायर गुंडाळत होतो. "नाही," म्हणालो.

"आणि या ग्रुपमध्ये गाणाऱ्याने स्वतः बनवलेलंच गाणं चालतं. पण चाल तर तुमची आहे."

"दुसऱ्या कडव्यातली ती वरची जागा कोणाची?"

"माझी."

"मग?"

"अहो सर! भाजीत मीठ टाकलं म्हणून भाजी माझी होते काय?"

"मिठाशिवाय खाईल कोण? लिही तुझं नाव."

ती हसली आणि तिने लिहिलं. मला अडवायचं होतं का तिला? नव्हतं. मी विचार केला होता, इतक्या लांब कोणाला कॅम्पातली कॅसेट माहीत असणार!

पण सिंधी माणूस कुठे नाही? उपांत्य फेरीचा व्हिडिओ इंटरनेटवर आला आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली एका बाईने लिहिलं. ती कुठल्याशा बेटावर राहणारी होती, माहेर उल्हासनगर. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट, आनंदाने लिहिलं होतं, की अगं पोरी, हे तर माझ्या लग्नात वाजलेलं गाणं, तू मला रडवलंस, माझी आई आठवली. आणि पुरावा म्हणून नव्हे, प्रेमाने, तिने आपल्या जुन्या कॅसेटमधलं ते गाणं जोडून दिलं होतं. तो मजकूर मी खूपदा वाचला आहे. माझ्या चालीला आयुष्यात मिळालेली ती सगळ्यांत मोठी दाद आहे. त्या दादेने हर्षाली संपली.

मला फोन आला तो दुपारी. मशिनी चालू होत्या. स्पर्धेच्या ऑफिसातली एक बाई सावकाश इंग्रजीत बोलत होती. तिने विचारलं, ही धून कोणी केली, तुम्ही की मुलीने? ही आधी आली होती हे तुम्हाला ठाऊक होतं का? मी गादीच्या भिंतीला टेकलो. माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं ते सांगतो: लछूसेठने घेतलेली सही, क्लासबाहेरच्या चपलांचा ढीग, आणि पुढच्या रविवारी हॉलमध्ये ठरलेला माझा सत्कार, ज्याचे फलक चौकात लागले होते. मुलगी आली नाही डोळ्यांसमोर. मी म्हणालो, "शी ब्रिंग. आय ओन्ली म्युझिक."

तिने आणली. मी फक्त वाद्यं भरली.

माझं इंग्रजी कच्चं आहे, म्हणून तसं निघून गेलं, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगितलं. ते खोटं आहे. त्या दोन वाक्यांपुरतं माझं इंग्रजी अगदी पक्कं होतं.

तिला अंतिम फेरीतून काढलं. दुसऱ्याची रचना स्वतःची म्हणून सादर केली, असं त्यांनी जाहीर केलं. ही बातमी ती परत यायच्या आधी बदलापुरात पोचली. पोरं मोबाइलवर कॅसेटमधलं आणि तिचं गाणं एकामागून एक लावून हसायची. खरवईच्या नाक्यावर ती रिक्षाला उभी राहिली की कोणीतरी ती चाल शिट्टीवर घ्यायचा. माझी चाल, तिच्या वरच्या जागेसकट. माझा सत्कार मात्र झाला. फक्त भाषणांतून तिचं नाव वगळलं गेलं आणि एक वक्ते म्हणाले, की गुरूने विद्या दिली, शिष्याने कशी वापरावी हे गुरूच्या हाती नसतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गळ्यात हार होता. झेंडूच्या हाराला एक कडवट वास असतो, तो त्या दिवशी माझ्या नाकात बसला. अजून कुठल्या समारंभाला गेलो आणि झेंडू जवळ आला की माझे कान गरम होतात.

परत आल्यावर ती एकदा स्टुडिओत आली. आत बसली नाही. दारात, चौकटीला धरून उभी राहिली.

"सर, त्यांनी मला तुमचं बोलणं ऐकवलं. रेकॉर्ड केलं होतं."

मी हेडफोनची वायर गुंडाळू लागलो.

"मी म्हटलं, सरांना इंग्लिश जमत नाही, गोंधळ झाला असेल." मग तिने विचारलं, "गोंधळच झाला ना, सर?"

सतरा वर्षांची मुलगी मला बाहेर पडायला दार उघडून देत होती. मी त्यातून वाकून बाहेर पडलो. "हो, गोंधळच," म्हणालो.

"मग त्यांना मेल करा ना. मी लिहून देते, तुम्ही फक्त पाठवा."

तिने माझ्याच फोनवर ते पत्र लिहिलं. साधी पाच वाक्यं होती. चाल माझी आहे, पूर्वीची आहे, मुलीला हे माहीत नव्हतं, नाव मी लिहायला सांगितलं, चूक माझी आहे. तिला सगळं कळलं होतं आणि तरी एकही शब्द टोचून लिहिलेला नव्हता. खाली माझं नाव होतं. एक बोट दाबायचं होतं. "वाचून पाठवतो," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि गेली. तो फोन बिघडला, दुसरा आला, तिसरा आला. ते पत्र मी पाठवलं नाही.

त्याच आठवड्यात तिचे वडील आले. दामूभाऊ. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात कामाला होते, डबा हातात घेऊन पाळीवरून थेट आले होते. त्यांनी खुर्ची घेतली नाही.

"सर, आमी साधी मानसं. पोरीनं तुमच्या नावाला बट्टा लावला. मना तोंड दाखवाला लाज वाटते. आमाला माफ करा." असं म्हणून त्यांनी हात जोडले.

मी काय केलं? मी त्यांचे जोडलेले हात धरले आणि म्हणालो, "लहान आहे, दामूभाऊ. मी मनात काही ठेवलं नाही."

मी माफ केलं. ज्याने चोरी केली त्याने, जिची चोरी झाली तिच्या बापाला, उदारपणे माफ केलं. आयुष्यात मी केलेल्या सगळ्या गोष्टींत ही मला सर्वांत नीच वाटते. फोनवरचं खोटं भीतीच्या एका क्षणात गेलं असं म्हणता येईल. इथे मला भरपूर वेळ होता. त्यांचे हात खरखरीत होते, औषधाच्या वासाचे होते, आणि मी ते चांगले अर्धा मिनिट धरून ठेवले होते.

त्यानंतर त्या घरात गाणं बंद झालं. दामूभाऊंनी मारलं नाही, ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "आता घरात सूर नको." हे मला दुसऱ्या कोणाकडून कळलं. मला वाटलं होतं, ती वडिलांना खरं सांगेल. मी कित्येक महिने दारावर टकटक झाली की दचकायचो. कोणी आलं नाही. तिने सांगितलंच नव्हतं.

का नाही सांगितलं, ते मला गेल्या महिन्यात समजलं. साखर तपासायला मी अंबरनाथ पूर्वेला एका लॅबमध्ये गेलो होतो, उपाशीपोटी. पडद्यामागून जी मुलगी सुई घेऊन आली, ती हर्षाली होती. चष्मा लागला होता, केस कापलेले होते. कागदावर माझं नाव तिने आधीच वाचलं असणार, कारण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"सर, मूठ आवळा."

मी आवळली. नऊ वर्षांत आम्ही इतके जवळ आलो नव्हतो. मी म्हणालो, "हर्षाली, मला तुझी..."

"हात हलवू नका." सुई आत गेली. रक्त नळीत भरेपर्यंत तिची नजर नळीवरच होती. मग कापूस दाबत हळू आवाजात म्हणाली, "माझ्याकडे नको, सर. मला सगळं माहितीये. बाबांना माहीत नाही. जमलं तर त्यांना सांगा. नाही जमलं तर राहू दे."

"तू का नाही सांगितलंस?"

ती नळीवर माझं नाव चिकटवत होती. "मी सांगितलं असतं आणि त्यांनी विश्वास ठेवला नसता तर? ते मला बघायचं नव्हतं." मग तिने नेहमीच्या आवाजात हाक मारली, "नेक्स्ट!" आणि मी बाहेर आलो.

मी लॅबबाहेरच्या बाकावर कोपर दुमडून बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, "चक्कर येते का आजोबा? बिस्कीट खा." मी खाल्लं. मला वाटत आलं होतं की मी तिची गाण्याची वाट बंद केली. तेवढंच नव्हतं. नऊ वर्षं ती एका घरात, एका ताटाशेजारी, अशा बापासोबत राहिली होती ज्याला वाटतं की आपली मुलगी चोर आहे. आणि तो तिच्यावर प्रेम करतो, म्हणून ते कधी बोलत नाही.

लाज आणि भीती यांतला फरक मला म्हातारपणी कळला. भीती बाहेरून येते. ती ज्या माणसांची असते ती माणसं मेली, की जाते. लछूसेठ गेले, त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. शेजारच्या जीन्सच्या मशिनी बंद झाल्या. कॅसेट काय असते हे माझ्या क्लासमधल्या मुलांना सांगावं लागतं. भिण्यासारखं काही उरलं नाही. तरी मी बोललो नाही, तेव्हा मला समजलं की एवढी वर्षं मी भीतीच्या नावावर दुसरंच काहीतरी सांभाळत होतो. मला चांगला माणूस म्हणून मरायचं होतं.

गेल्या मंगळवारी रिक्षा करून मी खरवईला गेलो. झाडं गेली आहेत, तिथे उंच इमारती आहेत. त्यांतल्याच एकीत दामूभाऊंना तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. ते दारात खुर्ची टाकून बसले होते. मला पाहताच धडपडत उठले. "अरं, सर! आमच्या घरी! बसा, बसा." आत हाक मारून चहा सांगितला. हर्षाली कामावर होती. मी पेला हातात घेतला आणि पहिला शब्द तोंडात आणला. तेवढ्यात त्यांनी एका सहा वर्षांच्या मुलीला पुढे ओढलं. त्यांच्या मुलाची, हर्षालीच्या भावाची मुलगी.

"सर, एक मागायचं हाय. नाय म्हणू नका." त्यांचा आवाज खाली आला. "ही दिवसभर गाते. हिला तुमच्याकडे घ्या. आमच्या त्या पोरीनं जे केलं ते ही नाय करनार. तेवढं मी बघीन. तुमी तेव्हा मोठ्या मनानं पोटात घातलं, म्हनून विचाराची हिंमत झाली."

मुलगी माझ्याकडे बघत होती. समोरचा दात पडलेला होता. चहाचा पेला हातात गरम लागत होता, तो मी खाली ठेवला नाही.

"पाठवा," मी म्हणालो. "रविवारी."

मी परत आलो. हे छापून आलं की त्यांना कोणीतरी वाचून दाखवेल. मग त्या मुलीला माझ्याकडे पाठवत राहायचं की नाही, हे त्यांनी ठरवावं. माझ्या तोंडून जे त्यांच्या दारात निघालं नाही, ते मी रिक्षात तीन वेळा म्हणून पाहिलं होतं. अवघड काही नव्हतं त्यात. ते असं होतं:

दामूभाऊ, बसा. ती चाल माझी होती, जुनी होती, विकलेली होती. हर्षालीला यातलं काही माहीत नव्हतं. तिचं नाव मी लिहायला लावलं, आणि विचारणारा फोन आला तेव्हा मी तिच्यावर ढकललं. तुम्ही माझ्याकडे माफी मागायला आलात तेव्हाही मी गप्प राहिलो. तुमच्या मुलीने काही चोरलं नाही. मला माफ करा.